इर्जिक घालणारा जमादार

माणसं कशी सांभाळावीत हे मला तातेराव जमादारानं शिकवलं, असं जिनातले जुने लोक अजून म्हणतात. शिकवलं कसलं! त्या माणसानं मला नऊ वर्षं नुसतं छळलं. आवाज न चढवता, शिवी न देता, समोर उभा राहून, हसत छळलं. त्याची गोष्ट सांगायची तर मला आधी पाणी पिऊन घ्यावं लागतं.

मी व्यंकटराव मिस्त्री. हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात इंजिन चालवत होतो. बायलर, इंजिन आणि भोंगा एवढाच माझा संसार, आणि तो मला पुरेसा होता. इंजिनाला तेल-कोळसा दिला की ते चालतं. त्याच्या घरी पाहुणे येत नाहीत, त्याच्या मेव्हणीचं लग्न निघत नाही. माणसांचं तसं नाही, म्हणून माणसांशी मी कामापुरतं बोलत असे.

हंगामात जिनात साठ-सत्तर माणसं असायची. बायका रेच्यांपुढं, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांपुढं, बसून कापूस भरायच्या, रुई एकीकडं पडायची, सरकी दुसरीकडं. हमाल आवारातल्या ढिगांवरून, गंज्यांवरून, कापूस आणायचे. या सगळ्यांवर एक जमादार. १९३४ साली ती जमादारी तातेरावला मिळाली. तो हट्टा गावच्या कुणब्याचा मुलगा. वाटणीचा तुकडा थोरल्या भावाला कसायला देऊन हिंगोलीला आलेला. घरात म्हातारी आई, तीन मुली, आणि सगळी चूल त्या एका नोकरीवर. जमादारी मिळाली त्या दिवशी त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, गल्लीभर साखर वाटली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यानं जे केलं ते एकट्या फकिराला शोभलं असतं, पाच पोटांच्या धन्याला नाही.

आधीचा जमादार हातात काठी घेऊन फिरायचा. तातेरावनं पहिल्याच दिवशी ती काठी माझ्या बायलरच्या भट्टीत टाकली. कुणी उशिरा आलं की आपण काय करू? झापू. हा विचारायचा, "घरी समदं बराबर हाय ना?" झालं! समोरची बाई घरचं सगळं सांगत बसायची, हा ऐकत बसायचा, आणि इकडं माझी वाफ फुकट जायची. मी इंजिनखोलीच्या दारातून ओरडायचो. तो हात वर करून म्हणायचा, "आलो मिस्त्री, आलो." यायचा मात्र नाही.

मग आला १९३७चा शिमगा.

धुळवडीची सुट्टी होती, जिनाचे मालक शेठ कामासाठी अकोल्याला गेले होते. दुपारी कळमनुरीच्या अंगानं आभाळ काळं होऊन आलं. आवारात कापसाच्या गंज्या उघड्या. भिजला असता तर पिवळा पडून कुजला असता आणि हंगाम तिथंच आटोपला असता. मी भोंग्याची दोरी धरली. तातेरावनं माझा हात धरला.

"भोंगा नगं मिस्त्री. भोंगा वाजला की लोक हजेरी मागतील. सुट्टीची हजेरी द्यायचा हुकूम शेठनं मला दिला न्हाई. खोटं सांगून कसं बोलावू?"

"मग काय करता? मंत्र म्हणता?"

तो निघाला. आधी मजुरांच्या गल्लीत गेला, मग धावतपळत मैलभरावरच्या लमाणांच्या तांड्यावर. आणि प्रत्येक दारात त्यानं एकच सांगितलं: "इर्जिक घातलीय, चला."

इर्जिक म्हणजे आपल्याकडं काय, तर शेतकऱ्याचं काम अडलं की तो गावाला हाक मारतो. गाव येतं, एका दिवसात काम उरकतं. मजुरी नसते, पोटभर जेवण असतं. आणि ज्यानं हाक मारली त्यानं पुढं प्रत्येकाच्या हाकेला एकेक दिवस जायचं असतं. हे सगळं शेतात. जिनात कुणी इर्जिक घालतं? तीही दुसऱ्याच्या कापसासाठी? पण सुट्टीच्या दिवशी माणसाला बोलावण्याचा दुसरा शब्दच त्या कुणब्याला ठाऊक नव्हता.

आणि लोक आले! अंगावर रंग, काहींच्या तोंडाला वास, पण आले. तांड्यावरून थावरा आणि बाबूसिंग आपल्या माणसांना घेऊन आले, होळीची लेंगी गाणी म्हणतच आले. गल्लीतून सखुबाईच्या मागं बायका आल्या. मला धरून बेचाळीस माणसं. एरवी संध्याकाळपर्यंत चालणारं काम दीड तासात उरकलं. कुणी कुणाला हुकूम सोडत नव्हतं, कारण इर्जिकीत सगळे पाहुणे असतात, आणि पाहुण्याला कोण झापणार? तातेराव सगळ्यांत मोठं ओझं उचलत होता आणि सगळ्यांत कमी बोलत होता. शेवटच्या ताडपत्रीची गाठ बसली आणि गारा पडायला लागल्या. मग गोजरबाईनं आपल्या घरचं धुळवडीचं पुरण, शेजारणींच्या घरचं पुरण आणि दोन टोपल्या भाकरी आणून सगळ्यांना जेवू घातलं. वाढताना तिच्या कपाळावर आठी होती. तिला पुढचं दिसत होतं.

शेठ परत आले, खूश झाले, म्हणाले, सगळ्यांना दिवसाची मजुरी देतो. थावरा हसला. "इर्जिकीचे पैसे घेतेत का शेठ? आमच्या शेतात जमादार येतील की."

शेठ पोट धरून हसले. मीही हसलो. तातेराव हसला नाही. त्यानं मान डोलावली, जणू हे ठरलेलंच होतं.

हंगाम संपला, पाऊस झाला, आणि हाका यायला लागल्या. "जमादार, उद्या आमच्याकडं खुरपणी." "जमादार, तुरीतलं तण काढायचंय." हा जायचा. पावसाळ्यात जिन बंद असलं तरी जमादाराला डागडुजीला यावं लागे, म्हणून हा बाजारची सुट्टी, सणाची सुट्टी, मिळेल तो दिवस त्यांच्या बांधावर घालवायचा. ज्यांना शेत नव्हतं त्यांनीही त्याला सोडलं नाही. म्हणजे खरं तर त्यानंच त्यांना सोडलं नाही. रुख्मिणीबाईला शेत नव्हतं, तर तिच्या घराची पडकी भिंत मातीनं उभी करून दिली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! स्वतःच्या छपरातून पाणी गळतंय आणि हा दुसऱ्याची भिंत लिंपतोय.

एकदा गोजरबाई माझ्या दारात आली. "मिस्त्रीभाऊ, तुमी तरी समजवा त्यायला. पोरीला पाहाया पाहुणे येऊन राहिले आन् हे बाबूसिंगच्या शेतात शेणखत टाकून राहिले. जमादाराची बायको म्हणवून घ्यायची लाज वाटते."

मी समजवायला गेलो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "ते राहू द्या. तुमची पाळी कवा?"

हा दुसरा ताप. त्या बेचाळीसांत मीही होतो ना! मी वाशीमकडचा, ना शेत ना वाडी, भाड्याची एक खोली. दर सणाला हा हजर. "मिस्त्री, तुमचा दिवस राहिला." एकदा वैतागून म्हणालो, चला, बायलर खरवडा. म्हणाला, "ते जिनाचं काम हाय, तुमचं न्हाई." माझी बायको पार्वतीबाई म्हणाली, त्यांना लाकडं फोडू द्या एकदाची. याला तेही पटेना. अडलेलं काम पाहिजे म्हणे, सापडलेलं नको. सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

आता खरं सांगायचं तर त्या तीन-चार वर्षांत जिन जसं चाललं तसं आधी कधी चाललं नव्हतं. मला ते दिसत होतं, मी पाहत नव्हतो. बांधावर जाऊन आल्यामुळं या बाबाला एकेकाचे हात-पाय कळले होते. सखुबाईच्या मिरचीच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ, म्हणून तिला त्यानं कापसातला कचरा निवडायला बसवलं. कापसातून एखादा खडा रेच्यात गेला तर ठिणगी पडते आणि जिन जळतं. सखुबाईच्या हातून चार वर्षांत एक खडा गेला नाही. बाबूसिंग आपल्या शेतात थोडा वेळ बसतो आणि मग दुप्पट उचलतो, म्हणून त्याला बसू द्यायचा. मी म्हणायचो, आळशी आहे तो. हा म्हणायचा, "सांजच्याला पोती मोजा." मिराबाई आणि तिची जाऊ बोलत नव्हत्या, हे त्याला त्यांच्या विहिरीवर कळलं, म्हणून दोघींचे रेचे दोन टोकांना. काठी नव्हती, दंड नव्हता, आणि तरी तो बोलला की माणूस उठायचा. मला वाटायचं हे माझ्या चांगल्या इंजिनामुळं चाललंय.

१९४१च्या भाद्रपदात शेठ मोटारीनं आखाडा बाळापूरला निघाले होते. वाटेत रस्त्याच्या कडेच्या शेतात त्यांना आपला जमादार दिसला. चिखलात गुडघ्यापर्यंत, हातात खुरपं. आणि बांधावरून त्यांच्याच जिनातला एक हमाल ओरडत होता, "जमादार, हात चालवा की, काहून थांबून राहिले?" शेठनं मोटार तिथूनच परत फिरवली.

दुसऱ्या दिवशी तातेरावला पेढीच्या गादीवर बोलावलं. मी बायलरच्या नळीचं सांगायला तिथंच बसलो होतो.

"जिसको तुम हुकुम देते हो, वो तुमको हुकुम देता है?" शेठ लाल झाले होते. "जमादाराची काय इज्जत राहिली? माझी काय राहिली?"

"शेठ, शब्द दिलाय. आता तीनच पाळ्या राहिल्या."

"एकही नाही. आजपासून बंद. कबूल कर आणि कामाला लाग."

तातेराव खाली पाहत उभा राहिला. मी मनात म्हणत होतो, अरे बाबा, हो म्हण! हो म्हणून टाक आणि मागाहून चोरून जा. तीन मुली आहेत तुला. पण चोरून जाणं त्याला जमलं असतं तर तो तातेराव कसला? म्हणाला, "ते न्हाई जमायचं शेठ."

मग शेठ माझ्याकडं वळले. "मिस्त्री, तुम्ही सांगा. मजुराच्या शेतात खुरपणाऱ्या जमादाराचं कोण ऐकतं?"

सगळे ऐकतात शेठ. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. इंजिन माझ्या हातात होतं, शेठ माझं ऐकत होते, साऱ्या हिंगोलीत तसा दुसरा मिस्त्री नव्हता. आणि मी काय म्हणालो? "इज्जत तर जातेच म्हणा." का म्हणालो? वैतागलो होतो त्याच्यावर. तुमची पाळी कवा, तुमची पाळी कवा, ऐकून कान किटले होते. आणि खोटं कशाला बोलू, माणसं त्याचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत, हेही सलत होतं.

तातेरावनं माझ्याकडं एकदा पाहिलं, शेठला नमस्कार केला आणि निघून गेला. आठ दिवसांनी शेठनं जमादारी मला दिली. इंजिन सांभाळून तेवढं बघा म्हणाले, आणि मी घेतली.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी बंड केलं असेल. छे. बंड केलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. ते भोंग्याला यायचे आणि भोंग्याला जायचे. सांगितलेलं करायचे, न सांगितलेलं काही करायचे नाहीत. मी दंड लावला, तो त्यांनी मुकाट भरला. मी बाबूसिंगला बसू दिलं नाही, तर तो दिवसभर उभा राहून निम्मी पोती उचलायला लागला. मिराबाई आणि तिची जाऊ यांना मी शेजारी बसवलं, कारण ते सोयीचं होतं. दुसऱ्याच दिवशी दोघींत असं काही झालं की दोन रेचे अर्धा दिवस बंद. सखुबाईला निवडण्यावरून उठवून रेच्यावर घातलं, कारण तिथं हात कमी होते. चौथ्या दिवशी कापसातून खडा गेला, पातं तुटलं, ठिणगी उडाली. बादल्यांनी आग विझवताना मी शंख करत होतो. सखुबाई शांतपणे म्हणाली, "तुमी तितून उठवलं ना मला. मग मी कशी पाहू?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला दीड वर्षात नीट कळलं. ओरडून ओरडून माझा घसा बसला, इंजिनाचीसुद्धा आबाळ व्हायला लागली.

तातेरावनं तोवर एक छकडा घेतला होता, उधारउसनवार करून. स्टेशनावरचं सामान वाहायचा. थोरलीचं लग्न ठरत होतं ते मोडलं, कारण पाहुण्यांना जमादाराची मुलगी हवी होती. हे मला पार्वतीबाईनं सांगितलं आणि वर त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

१९४३चा शिमगा. पुन्हा धुळवड, पुन्हा गंज्या उघड्या, आणि दुपारी पुन्हा आभाळ आलं. शेठ या वेळी हिंगोलीतच होते, म्हणाले, हजेरी दीडपट द्या, पण कापूस झाका. मी भोंगा वाजवला. अर्धा तास वाजवला. कुणी आलं नाही. मग गल्लीत पळालो. लोक ओट्यांवर बसले होते. दीडपट म्हणालो, दुप्पट म्हणालो. सखुबाई म्हणाली, "सणाचं जेवून ऱ्हायलो मिस्त्री. उद्या भोंग्याला येतो की." तिच्या आवाजात रागही नव्हता. मला इतकी चीड आली की रडू येईल असं वाटलं.

परत आलो, आणि एकटाच ताडपत्री ओढायला लागलो. पन्नास हातांचं ते काम, मी काय ओढणार? एका टोकाला लावली की दुसऱ्या टोकाला वाऱ्यानं उडे. तेवढ्यात दुसरं टोक कुणीतरी धरलं. पाहतो तर तातेराव. छकडा फाटकाबाहेर उभा होता.

"तुमी काहून आला?" असं त्याच्याच बोलीत माझ्या तोंडून गेलं.

"तुमचा दिवस राहिला व्हता. आज काम अडलंय." आणि ओढायला लागला.

ज्या आवारातून याला काढलं, ज्या माणसानं खरं सांगितलं नाही म्हणून काढलं, त्याच आवारात, त्याच माणसाच्या हाताखाली हा गोण्या वाहत होता. मला म्हणे, "मिस्त्री, कुठली गंजी आधी? तुमी सांगा." मी सांगू? बोटानं दाखवत होतो.

फाटकातून आधी थावरा आला. त्याला रस्त्यावरून छकडा दिसला होता. मग बाबूसिंग. मग गल्लीतून बायका, हात पदराला पुसत. कुणी मला विचारलं नाही. दोन गंज्यांचे वरचे थर भिजले, बाकी सगळा कापूस वाचला.

काम झाल्यावर सगळे ओट्याशी बसले. तातेराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, जेवण?"

"कसलं जेवण?"

"इर्जिक तुमची हाय. लोक हजेरी घ्यायचे न्हाईत आता. माझी तर पाळी फिटली, पण बाकीचे तुमच्यासाठी आले."

माझ्यासाठी कसले, तुझ्यासाठी आले गाढवा, असं म्हणणार होतो. पण ते सगळे माझ्याकडं पाहत होते. पार्वतीबाईनं गोजरबाईची भांडी मागून आणली आणि पिठलं-भाकरी केली. गोजरबाई मदतीला आली, पण माझ्याकडं तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गादीवर गेलो. शेठना म्हणालो, तातेरावला जमादारी परत द्या, नाहीतर मी इंजिन बंद करतो. शेठ भडकले, मी त्यांच्यापेक्षा जास्त भडकलो. शेवटी ते हो म्हणाले. इतकं सोपं होतं ते! दीड वर्षापूर्वीही इतकंच सोपं होतं.

मी धावत त्याच्या घरी गेलो. वाटलं, गोजरबाई पुन्हा साखर वाटेल.

तातेराव बैलाला चारा टाकत होता. ऐकून म्हणाला, "न्हाई मिस्त्री. एवढ्या लोकांच्या पाळ्या आता तुमच्यावर हायेत. तुमी जमादारी सोडली तर ते म्हणतील, अडलं तवा बोलावलं आन् मग पळाला. पुना कुणी यायचं न्हाई. तुमच्याही हाकेला, माझ्याही."

"अहो, पण तुमचं घर?"

"छकडा हाय ना."

मी हात जोडले, संतापलो, त्याला मूर्ख म्हणालो. तो चारा टाकत राहिला. मग गोजरबाई आतून बाहेर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"त्या रोजी गादीवर तुमी एक शबुद बोलला असता मिस्त्रीभाऊ, तर माझ्या पोरीचं लगीन मोडलं नसतं."

तातेराव म्हणाला, "जाऊ दे आता." ती आत गेली. मी आल्या वाटेनं परत फिरलो.

जमादारी माझ्याकडंच राहिली. त्या पावसाळ्यात पहिली हाक थावराची आली, आणि इंजिन बंद पडेल या भीतीनं शेठनं मला अडवलं नाही. बायलरवाला मी, आयुष्यात खुरपं धरलं नव्हतं. थावरानं मला कडेच्या ओळीत बसवलं, शिकाऊ माणसाला बसवतात तिथं, आणि अर्ध्या तासात माझी कंबर धरली. वर पाहतो तर शेजारच्या ओळीत तातेराव.

"तुमची थावराची पाळी तर केव्हाच झाली," मी म्हणालो.

"व्हय. पण तुमाला खुरपता येत न्हाई. थावराचं नुकसान व्हईल."

आम्ही दोघं ओळीनं पुढं सरकत राहिलो. शेवटी म्हणालो, "तातेराव, त्या दिवशी शेठपुढं मी जे बोललो..."

"मिस्त्री, खाली पाहा," तो म्हणाला. "कापूस कापून राहिले तुमी."

खाली पाहिलं. तणाबरोबर मी कापसाची दोन चांगली रोपं कापली होती. त्यानं ती उचलून बाजूला ठेवली, आणि मूठ कशी धरायची ते माझा हात हातात घेऊन दाखवलं. मला त्याचा असा राग आला, की डोळे भरून आले आणि तण कुठलं, कापूस कुठला, काही दिसेना.